लेकॉकच्या घरातील प्रकाशचित्रे : टॅलबट यांचे गृहप्रयोग

छायाचित्रणाच्या आरंभाचा इतिहास बहुधा पॅरिसपासून सांगितला जातो, कारण लुई दागेर यांच्या पद्धतीची घोषणा ७ जानेवारी १८३९ रोजी तेथील विज्ञान अकादमीत झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिची कृती जाहीर करण्यात आली. दागेर यांचे चित्र चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटे आणि ते एकुलते एक असे. त्याची दुसरी प्रत निघत नसे. आधी उलट्या छायाप्रकाशाची मूळप्रत, म्हणजे निगेटिव्ह, तयार करायची आणि तिच्यावरून हव्या तितक्या सुलट प्रती काढायच्या, हे जे तत्त्व फिल्मच्या युगाच्या अखेरपर्यंत छायाचित्रणाचा पाया राहिले, त्याचा उगम मात्र इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातील लेकॉक या खेड्यात, एका कुटुंबाच्या राहत्या घरात झाला.

ते घर म्हणजे लेकॉक ॲबी. १२३२ साली जोगिणींचा मठ म्हणून उभी राहिलेली ही वास्तू सोळाव्या शतकात इंग्लंडमधील मठ बरखास्त झाल्यानंतर निवासस्थान बनली आणि वारशाने विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट (१८००–१८७७) यांच्याकडे आली. टॅलबट हे गणित, प्रकाशशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि प्राचीन भाषा यांत गती असलेले जमीनदार होते, काही काळ संसदेचे सदस्यही होते. छायाचित्रण हा त्यांचा चरितार्थ कधीच नव्हता, आणि त्या शब्दाच्या उत्तम अर्थाने ते हौशी होते. त्यांच्या हाताशी असलेले सामान, प्रकाश आणि माणसे सारी घरातलीच होती, आणि छायाचित्राला विषय म्हणून काय चालते या प्रश्नाचे पहिले उत्तरही त्या घराच्या सोयी-अडचणींतूनच घडत गेले, ही गोष्ट त्यांच्या शोधाच्या रासायनिक बाजूपुढे सहसा मागे पडते.

शोधाची प्रेरणा चित्रकलेतील अपयशाची होती. ऑक्टोबर १८३३ मध्ये इटलीतील कोमो सरोवराच्या काठी टॅलबट कॅमेरा ल्युसिडाच्या, म्हणजे समोरचे दृश्य कागदावर असल्यासारखे भासवणाऱ्या लोलकाच्या, साहाय्याने रेखाटन करू पाहत होते. परंतु हात सरावाचा नसल्याने ते साधेना, आणि प्रकाशानेच हे चित्र कागदावर कायमचे उमटवले तर, असा विचार त्यांच्या मनात आला. पुढच्या वर्षी घरी त्यांनी चांगल्या प्रतीचा लिहिण्याचा कागद मिठाच्या सौम्य पाण्यात भिजवून वाळवला आणि त्यावर सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण कुंचल्याने लावले. त्यामुळे कागदाच्या तंतूंत सिल्व्हर क्लोराइड तयार झाले, जे उन्हात काळे पडते. असा कागद, त्यावर झाडाचे पान किंवा लेसचा तुकडा आणि वर दाबाला काच, एवढ्या सामग्रीवर ऊन पडले की मोकळा भाग काळवंडे आणि वस्तूखालचा भाग पांढरा राहून तिची नेमकी आकृती उमटे. मिठाचे प्रमाण कमी असेल तेथे कागद लवकर काळा पडतो आणि जास्त असेल तेथे जवळजवळ पडतच नाही, हे त्यांच्या लक्षात आले; मग कमी मिठाने कागद संवेदनशील करायचा आणि चित्र उमटल्यावर मिठाच्या तीव्र द्रावणाने तो निष्क्रिय करायचा, अशी युक्ती त्यांनी काढली. स्वयंपाकघरातील मिठानेच चित्र घडवावे आणि त्यानेच ते टिकवावे, हा या आरंभीच्या प्रयोगांचा सर्वांत बोलका तपशील आहे. पुढे सर जॉन हर्शेल यांनी सुचवलेल्या हायपोने, म्हणजे उरलेले चांदीचे क्षार विरघळवून धुऊन काढणाऱ्या सोडियम थायोसल्फेटने, ही जागा घेतली.

कॅमेऱ्याचा प्रश्न अधिक अवघड होता. भिंगातून आत येणारा प्रकाश इतका क्षीण असे, की मोठ्या पेटीत कागद तासन्‌तास ठेवूनही स्पष्ट चित्र मिळत नसे. १८३५ च्या उन्हाळ्यात टॅलबट यांनी लहान लाकडी पेट्यांना आखूड नाभीय अंतराची भिंगे बसवली; चित्र लहान झाले, पण प्रकाश एकवटल्यामुळे ते लवकर उमटू लागले. घराभोवती ठिकठिकाणी मांडून ठेवलेल्या या पेट्यांना त्यांच्या पत्नी कॉन्स्टन्स यांनी पत्रात उंदराचे सापळे म्हटले आहे. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये घराच्या दक्षिण दालनातील जाळीदार खिडकीचे जे चित्र निघाले, ती आज उपलब्ध असलेली जगातील सर्वांत जुनी निगेटिव्ह होय. तिचा आकार टपालाच्या तिकिटाएवढा आहे. सोबतच्या टिपणात टॅलबट यांनी नोंदवले आहे, की चित्र नवे असताना भिंगातून पाहिल्यास खिडकीतील सुमारे २०० काचा मोजता येत होत्या.

ही खिडकीच का निवडली गेली, याचा विचार केला तर त्या काळच्या गृहप्रयोगांची सारी रीत उलगडते. दालनाच्या आतून पाहिले असता खिडकी ही सर्वांत उजळ वस्तू असते, ती हलत नाही, तिच्या पट्ट्या आणि काचा यांत काळ्या-पांढऱ्याचा स्पष्ट भेद असतो, आणि काचा मोजता येत असल्याने चित्र किती बारीक तपशील धरते याची परीक्षाही तिच्यावरून घेता येते. म्हणजे डोळ्यांना सुंदर दिसते म्हणून नव्हे, तर कागदाला झेपते म्हणून ती विषय झाली. तरीही त्या इवल्याशा कागदावरील रचना आज पाहताना तिच्यातील सौंदर्य जाणवल्यावाचून राहत नाही, आणि गरजेतून आलेली निवड दृष्टी घडवू शकते हे येथे पहिल्यांदा दिसते.

टॅलबट यांनी हे काम चार वर्षे प्रसिद्ध केले नाही. दागेर यांची बातमी आल्यावर त्यांनी २५ जानेवारी १८३९ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आपली चित्रे घाईने मांडली आणि ३१ जानेवारीला रॉयल सोसायटीपुढे निबंध सादर केला. खरा पालट सप्टेंबर १८४० मध्ये झाला, जेव्हा सिल्व्हर आयोडाइडच्या कागदावर गॅलिक आम्ल आणि सिल्व्हर नायट्रेट यांचे मिश्रण लावल्यास, डोळ्यांना न दिसणारे सुप्त चित्रही नंतर त्याच मिश्रणाने प्रकट करता येते असे त्यांना आढळले. कॅलोटाइप या नावाने १८४१ मध्ये पेटंट घेतलेल्या या पद्धतीमुळे तासांचे काम मिनिटांवर आले, आणि खिडक्या-छपरांसोबत माणसेही चित्रात येऊ लागली. ऑक्टोबर १८४० मधील कॉन्स्टन्स यांच्या चित्रासाठी त्यांना सुमारे तीन मिनिटे स्थिर बसावे लागले होते. कॉन्स्टन्स यांनी त्याआधी, १८३९ मध्ये, स्वतःही छायाचित्रणाचे प्रयोग केले होते, म्हणून छायाचित्रण करणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. परंतु इतिहासलेखनात त्या दीर्घकाळ शोधकाची पत्नी एवढ्याच ओळखीने वावरल्या, हा अन्याय आहे.

घरातील वस्तूंना विषय म्हणून हक्काची जागा मिळाली ती ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ या पुस्तकात. जून १८४४ ते एप्रिल १८४६ या काळात सहा भागांत निघालेल्या या ग्रंथात २४ चित्रे होती आणि प्रत्येक प्रतीत ती प्रत्यक्ष छायाचित्रे म्हणून चिकटवलेली होती. फडताळावरील चिनी मातीची भांडी, काचेचे पेले, पुस्तकांच्या रांगा, गवताची गंजी, शिडी, फळांच्या परड्या असे त्यांतील कितीतरी विषय एखाद्या गृहस्थाच्या नित्य नजरेखालचे होते. भांड्यांच्या चित्रासोबत टॅलबट यांनी असे सुचवले, की संग्रह चोरीस गेल्यास हे चित्र न्यायालयात पुरावा म्हणून मांडता येईल; शिवाय वस्तू कितीही असल्या तरी कॅमेऱ्याला त्या टिपण्यास अधिक वेळ लागत नाही, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. यादी लिहिणाऱ्याला जे प्रत्येक वस्तूसाठी स्वतंत्रपणे करावे लागते ते प्रकाश एका दमात करतो, हा विचार तेव्हा पूर्णपणे नवा होता. या मांडण्यांसाठी फळ्या आणि वस्तू बाहेर अंगणात आणाव्या लागत, कारण घरातला उजेड अपुरा पडे. वाचनालयाचा म्हणून ओळखला जाणारा देखावाही असाच उघड्यावर टिपलेला आहे.

या साऱ्यांत ‘उघडे दार’ हे चित्र वेगळे पडते. तबेल्याचे अर्धे उघडे दार, त्याला तिरका टेकवलेला खराटा, बाजूला टांगलेला कंदील आणि घोड्याचा लगाम, मागच्या अंधारात पुसटशी दिसणारी खिडकी, एवढाच त्याचा ऐवज. परंतु टॅलबट यांनी १८४१ पासून या मांडणीच्या अनेक आवृत्त्या घेतल्या आणि एप्रिल १८४४ च्या आवृत्तीत खराटा दारावरील तिरक्या सावलीला समांतर येईल अशी मांडणी साधली. सोबतच्या मजकुरात त्यांनी डच चित्रकारांचा आधार घेतला, ज्यांनी सतराव्या शतकातच स्वयंपाकघरे आणि अंगणे चित्रयोग्य ठरवली होती. येथे कागदाला झेपते म्हणून केलेली निवड मागे पडली आणि पाहणाऱ्याला रुचते म्हणून केलेली निवड पुढे आली, म्हणूनच हे चित्र त्या साऱ्या प्रयोगांचे शिखर ठरते.

व्यवहारात मात्र हे पुस्तक यशस्वी झाले नाही. टॅलबट यांचे पूर्वीचे सेवक निकोलास हेनेमन यांनी रेडिंग येथे चालवलेल्या कार्यशाळेत प्रती तयार होत, परंतु पुष्कळ प्रती फिक्या पडू लागल्या आणि सहाव्या भागानंतर प्रकाशन थांबले. त्यानंतर टॅलबट यांचे लक्ष छायाचित्र टिकाऊ छपाईच्या शाईत कसे उतरवावे याकडे वळले. धातूच्या पत्र्यावर कोरताना करड्या छटा सलग न राहता काळ्या भागात बुडून जातात, ही त्यातील मुख्य अडचण होती; तिच्यावर त्यांनी १८५२ च्या पेटंटात उपाय दिला तो जाळीदार विरळ कापडाचा, जे प्रकाश आणि पत्रा यांच्या मध्ये ठेवल्याने छटा लहान लहान ठिपक्यांत विभागली जाते. वृत्तपत्रांतील छायाचित्रे पुढे ज्या हाफटोन पद्धतीने छापली गेली, तिचे तत्त्व हेच आहे.