अंगठा ते कॅम सेन्सर
विलीज जीपची फायरिंग ऑर्डर १-३-४-२. डिस्ट्रिब्युटर परत बसवताना आमचे मेकॅनिक एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून हँडल मारायला लावत. अंगठ्याला दाब लागला की कॉम्प्रेशन. नुसत्या पुलीच्या खुणेवर भरवसा नाही. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक, आणि खूण एक्झॉस्टलाही तशीच जुळते.

डिस्ट्रिब्युटर गेला, ईसीयू आला, पेच तोच. ६०-२ दातांचं चाक क्रँकची जागा सांगतं, स्ट्रोक नाही. म्हणून १-४ आणि २-३ अशा जोडीनं ठिणगी टाकायचे. एक वाया जायची, पण इंजिन चालायचं. प्रत्येक सिलिंडरची वेगळी कॉइल क्रमानं पेटवायची, तर कॅम सेन्सर हवाच. तो ३६० अंशांनी चुकीचा सेट झाला, तर ठिणगी एक्झॉस्टला पडते, गाडी सुरू होत नाही. टायमिंग लाइट मात्र सगळं ठीक दाखवतो!