रंगाच्या आधीचा थर

कपिलधारच्या धबधब्यामागचा काळा कातळ आणि अजिंठ्याचा कातळ एकाच कुळातले : दख्खनचा बसाल्ट. अजिंठ्याची चित्रे याच दगडावर रंगवली असावीत, असे पाहणाऱ्याला सहज वाटते. वस्तुतः त्यांचा रंग दगडाला कोठेही स्पर्श करीत नाही. आजचा धागा त्या दोहोंमधल्या थराविषयी.

आज भिंत रंगवणारा कारागीर आधी पुट्टी भरतो, पॉलिशपेपरने घासतो, प्रायमरचा हात देतो आणि मगच रंगाचा डबा उघडतो. मॉडेल रॉकेट बनवणारा हौशी माणूसही हेच करतो. इ.स.च्या पाचव्या शतकात, वाकाटक नृपती हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची बहुतेक लेणी रंगली, तेव्हाचा क्रमही याहून फार निराळा नव्हता. एक मोठा भेद मात्र होता. दगड घासून गुळगुळीत करण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. गिलावा जेथे गळून पडला आहे, तेथे छिन्नीचे घाव आजही उघडे दिसतात. त्या खडबडीतपणानेच पहिल्या थराला पकड दिली.

तो पहिला थर मातीचा होता. लोहयुक्त मातीत दगडाची भरड, भाताचे तूस, गवत आणि वनस्पतींचे तंतू मिसळत. त्यावर अधिक बारीक मातीचा दुसरा थर, आणि शेवटी चुन्याचे पातळ पांढरे अस्तर. गुळगुळीतपणा येई तो इथे, आणि काव, हिरवी माती, काजळी, लाजवर्द हे रंग खुलत तेही या पांढऱ्यावर. रंग डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवून कोरड्या अस्तरावर लावलेला असल्याने या चित्रांना 'फ्रेस्को' म्हणणे चूक आहे. फ्रेस्कोत रंग ओल्या चुन्यातच मुरतो. (पाठ्यपुस्तकांतून ही चूक अजून गेलेली नाही.)

याच अस्तराच्या पोटात धोकाही होता. तूस आणि तंतू हे किड्यांचे खाद्य. वेरूळच्या १२ क्रमांकाच्या लेण्यातील गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश सापडल्याचे संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झाले. वेरूळचा गिलावा अजिंठ्यापेक्षा किडीपासून अधिक बचावला, याचे श्रेय संशोधक या भांगेला देतात.

खालून कीड, तर वरून माणूस. गिलावा सुटू लागला तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानाने १९२० च्या सुमारास लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. सुटलेला गिलावा त्यांनी पुन्हा चिकटवला, हे त्यांचे ऋण मान्य करावेच लागेल. परंतु चित्रांवर त्यांनी लाखेचे व्हार्निशही चढवले. कालांतराने ते पिवळे पडले, त्यावर धूळ बसली, आणि मूळचे रंग काळवंडल्यासारखे दिसू लागले. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना ती लाख उतरवण्याचे काम करावे लागले. खालचा रंग केवळ डिंकाच्या आधाराने चुन्याला धरून असल्यामुळे ते इंचाइंचाने करावे लागते.