तबकडी वाजविणारा हातातला रेडिओ

नभोवाणीवरून कानी पडणारे गाणे श्रोत्याने निवडलेले नसते. तबकडीचे तसे नाही; ती आपण विकत आणतो, हवी तेव्हा लावतो. निवडीचा हा हक्क श्रोत्याला किती प्रिय असतो, हे आपल्याकडेही दिसून आले. 1952 मध्ये ऑल इंडिया रेडिओने चित्रपटगीतांना आवर घातला, तेव्हा असंख्य श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. पुढे 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविधभारती सुरू करावी लागली.

ऐकण्याच्या या दोन्ही रीती रेडिओग्रॅमच्या लाकडी कपाटात पूर्वीपासून एकत्र नांदत होत्या. पण कपाट काखेत मारून कोण बाहेर पडणार? ते शक्य झाले दोन गोष्टींमुळे. 1947 च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला आणि तापलेल्या तारेच्या, वीज खाणाऱ्या काचनळ्यांची गरज संपली. 1949 साली आरसीए व्हिक्टरने मिनिटाला 45 फेरे घेणारी सात इंची तबकडी बाजारात आणली.

या दोहोंची अतिशय देखणी जोडणी 1959 साली जर्मनीतील ब्राउन कंपनीने केली. यंत्राचे नाव ‘टीपी 1’, रचनाकार डीटर राम्स. वर खिशात मावेल असा रेडिओ, खाली चौकोनी तबकडीयंत्र. दोहोंना धरून ठेवणारी ॲल्युमिनियमची चौकट आणि खांद्याला अडकवायला चामड्याचा पट्टा. हवे तर रेडिओ काढून एकटाच न्यावा. तबकडीयंत्राला मात्र ती मोकळीक नव्हती, कारण आवाज मोठा करण्याचे काम रेडिओच करी.

खरी गंमत सुईची आहे. नेहमीच्या यंत्रात सुईचा दांडा वरून तबकडीवर टेकतो आणि स्वतःच्या भाराने खाचेत राहतो. येथे सुई खालून, स्प्रिंगच्या दाबाने वर येते व तबकडीच्या पोटाशी भिडते. वरचा दांडाच नाहीसा झाल्याने यंत्र चपटे राहिले. तबकडी मात्र यंत्राहून रुंद, म्हणून तिची कड बाहेर डोकावे. शिवाय ऐकावयाची बाजू खाली ठेवावी लागे. डोळ्यांना दिसे एका गाण्याचे नाव आणि कानांवर येई दुसरेच गाणे!

असे असूनही निवडीचे सुख तोकडेच होते. एक बाजू तीन-चार मिनिटांत संपे. पुन्हा उठा, तबकडी उलटा. दहा गाणी हवीत तर तबकड्यांची पिशवी वेगळी सांभाळा. मला वाटते, राम्सने यंत्र हलके केले, पण तबकड्यांचे ओझे हलके करणे त्याच्या हाती नव्हते. 1963 साली बर्लिनच्या प्रदर्शनात फिलिप्सने कॅसेट मांडली आणि हा प्रश्न निराळ्याच मार्गाने सुटला. ‘टीपी 1’ न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात जाऊन बसला.