हवेचा माग आणि एक केस-नोंद

भ्रम म्हणजे काय, हे शिकताना आपण आधी व्याख्या पाठ करतो. मी सांगेन, आधी एक जुनी केस वाचा.

जेम्स टिली मॅथ्यूज हा लंडनचा चहाचा व्यापारी. १७९७ मध्ये त्याला बेथलेम इस्पितळात ठेवलं. एक टोळी 'एअर लूम', म्हणजे हवेचा माग, चालवून दुरून आपल्या मनावर ताबा मिळवते, अशी त्याची पक्की खात्री होती. १८०९ मध्ये नातेवाइकांनी सुटका मागितली. दोन डॉक्टरांनी त्याला शहाणा ठरवलं. उत्तरादाखल बेथलेमच्या जॉन हॅस्लम यांनी १८१० मध्ये 'इलस्ट्रेशन्स ऑफ मॅडनेस' हे पुस्तकच काढलं.

आता खरी मेख. इंग्लंड-फ्रान्स तहासाठी मॅथ्यूज खरोखरच पॅरिसला गेला होता, तिथे कैदेतही पडला होता. म्हणजे राजकारण खरं, यंत्र खोटं. आणि दोन्ही एकाच माणसाच्या तोंडी! शिवाय नोंद लिहिणाऱ्याला आपलंच म्हणणं सिद्ध करायचं होतं. पुढे १८१६ मध्ये, संसदीय चौकशीनंतर, हॅस्लम यांनाच नोकरीवरून काढलं.

म्हणून केस-नोंद हाती आली की दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. रुग्ण काय म्हणतोय? आणि ते कोण, कशासाठी लिहून ठेवतोय?