तपासणी, तुलना-गट आणि पिशवीचे तोंड : बार्शी-उस्मानाबादच्या एका प्रयोगाचा इतिहास

वैद्यकाच्या इतिहासात मोठी शहरे आणि थोर नावे यांचाच गवगवा फार. बार्शी, परंडा, भूम ही नावे त्यात सहसा आढळत नाहीत. तथापि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी जगाने गेल्या दोन-अडीच दशकांत जे निर्णय घेतले, त्यांच्यामागील पुराव्याचा एक महत्त्वाचा भाग ह्याच मुलखातून गेलेला आहे. प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे; भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे. पण ह्या इतिहासात शब्दांनी बजावलेली कामगिरी पाहता हा विषय आमच्या कक्षेबाहेरचा आहे असे वाटत नाही.

आरंभ 1987 सालचा. त्या वर्षी बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा व भूम ह्या तालुक्यांतील गावे तिच्या कक्षेत होती. शहरातील नोंदणी रुग्णालयांच्या दप्तरांवर चालते. खेड्यात दप्तरच नसते. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव हिंडले, लोकांशी बोलले, रोगाची लक्षणे सांगत गेले, आणि संशयित रुग्णांना बार्शीच्या रुग्णालयाकडे येण्यास सांगत गेले. याचा परिणाम अनपेक्षित नव्हे, पण विलक्षण होता. काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या. 1995 साली डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. भगवान नेने प्रभृतींनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. तोपर्यंत औषध दिले गेले नव्हते, यंत्र नेले गेले नव्हते. केवळ बोलणे झाले होते.

हे बोलणे सोपे नाही. 'गर्भाशयमुख' हा शब्द संस्कृतज्ञांचा. खेड्यातील स्त्री 'पिशवी' म्हणते, आणि 'पिशवीचे तोंड' म्हटले की तिला नेमके कळते. 'अंगावरून जाणे' ह्या एकाच वाक्प्रचारात ती कित्येक लक्षणे मिटवून ठेवते. शहापूर-मुरबाडकडील स्त्रियांशी बोलताना, वाशिंदच्या परिसरात, आम्हांस हाच अनुभव आला. त्याहून अडचणीचा शब्द 'तपासणी'. आजारी माणसाला तपासतात. निरोगी स्त्रीला 'तपासणीस चला' म्हटले, तर 'मला काय झालंय?' हा तिचा प्रश्न अगदी रास्त ठरतो. रोग नसताना रोगपूर्व चिन्हे शोधणे ह्या कल्पनेला मराठीत अद्याप स्वतःचा शब्द नाही. परीक्षांच्या प्रांतात 'चाळणी' रूढ आहे. ती इथे का आणू नये, हा आमचा आगंतुक प्रश्न.

1999 च्या ऑक्टोबरात उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यात मोठे परीक्षण सुरू झाले. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील लियाँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ते चालविले. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रिया, गावांचे 52 समूह, चार गट. एका गटात विषाणूची (एचपीव्ही) चाचणी. दुसऱ्यात पेशींची पापानिकोलाऊ पद्धतीची परीक्षा. तिसऱ्यात सौम्य ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणे. चौथ्यास नेहमीचीच व्यवस्था. प्रत्येकीची तपासणी एकदाच. 2009 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणू-चाचणीच्या गटात 34 मृत्यू, चौथ्या गटात 64. पुढील अवस्थेचे रुग्ण अनुक्रमे 39 व 82. अन्य दोन पद्धतींनी मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. आयुष्यातून एकदा केलेली एक चाचणी मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणू शकते, हे ग्रामीण भारतात प्रथमच सिद्ध झाले.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील परीक्षणाचा निकाल मात्र वेगळा लागला. तेथे 1998 पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास झाला. शालान्त परीक्षेपर्यंत शिकलेल्या, अल्प प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी ॲसेटिक आम्लाची परीक्षा करीत. मृत्यूंत 31 टक्के घट झाली. उस्मानाबादेत निष्फळ ठरलेली पद्धत येथे फळली. पुनरावृत्ती व देखरेख हे कारण संभवनीय दिसते.

आता चौथ्या गटाविषयी. वैद्यकात त्यास 'नियंत्रित गट' म्हणतात. हा शब्द आम्हांस फसवा वाटतो. त्या स्त्रियांवर कोणाचेच नियंत्रण नव्हते, आणि तपासणीही नव्हती. 'तुलना-गट' म्हणणे अधिक प्रामाणिक. अमेरिकन वैद्य एरिक सुबा यांनी नेमका हाच आक्षेप घेतला : ज्या रोगावर उपाय ठाऊक आहे, त्यासाठी हजारो स्त्रियांना तपासणीवाचून का ठेवावे? संशोधकांचे उत्तर असे की देशात तपासणीची व्यवस्थाच नव्हती. नेहमीची व्यवस्था म्हणजे काहीच नाही. दोन्ही म्हणणी खरी आहेत. परंतु पहिल्यातील 64 हा आकडा दुसऱ्याने पुसला जात नाही, असे आमचे मत आहे. तो आकडा मोजला गेला म्हणूनच पुढे धोरणे बदलली, हेही तितकेच खरे, आणि म्हणूनच त्याची टोचणी अधिक.

लशीचा इतिहास ह्याहून विचित्र. 2009 साली भारतातील अनेक केंद्रांत, त्यांत बार्शीही, 10 ते 18 वयाच्या मुलींना दोन मात्रा पुरतात की तीन लागतात, हे पाहण्याचा अभ्यास सुरू झाला. त्याच सुमारास आंध्र व गुजरातेत पाथ ह्या संस्थेच्या एका वेगळ्या प्रकल्पात मुली दगावल्या. चौकशीत त्या मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. दोष आढळले ते संमतीच्या पद्धतीत. काही ठिकाणी वसतिगृहाच्या अधीक्षकांनीच संमतिपत्रांवर सह्या केल्या होत्या. 2010 च्या एप्रिलात शासनाने सर्वच अभ्यासांतील लसीकरण थांबविले. त्यामुळे 4,949 मुलींना एकच मात्रा मिळाली. कोणी न योजलेला गट असा आपोआप तयार झाला. पुढे दहा वर्षांच्या पाहणीत, विषाणूच्या 16 व 18 ह्या प्रकारांच्या चिवट संसर्गापासून एका मात्रेनेही तीन मात्रांइतकेच संरक्षण मिळते, असे 2021 साली दिसून आले. आणि 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेने एक-मात्रेचा पर्याय मान्य केला. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीस भारतात परवानगी मिळाली.

बार्शीच्या मुलीने पुढच्या मात्रेसाठी वाट पाहिली; ती आली नाही. तिला त्याचे कारण कोणत्या शब्दांत सांगितले गेले, याची नोंद आम्ही शोधत आहोत.