विंचूदंश : कोकणातील औषधसंशोधन

तांबडा विंचू (हॉटेनटोटा टॅम्युलस; जुने नाव मेसोब्युथस टॅम्युलस) हा भारतातील सर्वांत घातक विंचू होय. कोकणात खेड, चिपळूण, महाड या भागांत तो जांभ्या दगडाचे गडगे, लाकूडफाटा, पेंढा व कौले यांच्या आडोशाला राहतो. त्याच्या दंशावर आज दिला जाणारा उपचार बऱ्याच अंशी याच मुलखातील रुग्णांच्या निरीक्षणातून सिद्ध झाला.

विषाची क्रिया : विषातील लहान प्रथिने चेतापेशींच्या आवरणातील सोडियम-मार्गिका वेळेवर बंद होऊ देत नाहीत. त्यामुळे चेता पुनःपुन्हा उद्दीपित होतात आणि ॲड्रेनॅलिन व नॉरॲड्रेनॅलिन रक्तात मोठ्या प्रमाणात मिसळतात. दंशाच्या जागी तीव्र कळा येतात. सोबत ओकारी, दरदरून घाम आणि हातपाय गार पडणे ही गंभीर दंशाची पूर्वचिन्हे होत. रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तदाब चढतो, हृदयावर असह्य भार पडतो आणि फुप्फुसांत पाणी साचते. अशा वेळी रुग्णाच्या तोंडातून गुलाबी फेस येतो. लहान मुलांना धोका अधिक असतो.

प्राझोसिनचा वापर : डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. दंश झालेल्या रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी नाडी, रक्तदाब व श्वास यांच्या बारीक नोंदी ठेवल्या. हृदयावरील परिणामांची पूर्वलक्षणे सांगणारा त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर वापरात असलेल्या ॲट्रोपिनसारख्या औषधांनी गुण येत नव्हता, उलट अपाय होण्याची भीती होती. प्राझोसिन हे उच्च रक्तदाबावरील औषध रक्तवाहिन्यांतील अल्फा-१ ग्राही रोखते, म्हणजे विषाने उसळलेल्या नॉरॲड्रेनॅलिनचा मुख्य परिणामच अडवते. वाहिन्या सैलावतात आणि हृदयावरील भार उतरतो. या उपचाराविषयीचा लेख १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. गंभीर दंशातील मृत्यूचे प्रमाण पूर्वी सुमारे ३० टक्के होते. प्राझोसिन वेळेवर मिळू लागल्यावर ते अगदी थोड्या टक्क्यांवर आले. गोळी स्वस्त असून तोंडाने देता येते, म्हणून अतिदक्षता विभाग नसलेल्या गावातही उपचार सुरू करता आले. लहान मुलांत मात्रा दर किलो वजनामागे ३० मायक्रोग्रॅम असते. रक्तदाब एकाएकी उतरू शकत असल्याने औषध वैद्यकीय देखरेखीखाली देतात व रुग्णाला आडवे ठेवतात.

प्रतिविष : प्राझोसिन विषाचे परिणाम रोखते, विष नाहीसे करीत नाही. ते काम प्रतिविष करते. घोड्यांना विषाच्या लहान मात्रा टोचून मिळणाऱ्या प्रतिपिंडांपासून ते तयार होते. मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या परंपरेतील हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळ ते बनवते. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाड येथे ७० रुग्णांवर घेतलेली चाचणी २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. केवळ प्राझोसिन मिळालेल्यांपेक्षा प्रतिविष व प्राझोसिन दोन्ही मिळालेले रुग्ण लवकर बरे झाले. पश्चिम व दक्षिण भारतातील तांबड्या विंचवांच्या विषातील प्रथिने एकसारखी नसतात. त्यामुळे प्रतिविषासाठी विष कोठून घेतले, यालाही महत्त्व आहे.

रेणवीय संशोधन : याच विंचवाच्या विषातून १९९० मध्ये आयबेरिओटॉक्सिन वेगळे करण्यात आले. ३७ अमिनो आम्लांचे हे पेप्टाइड कॅल्शियममुळे उघडणाऱ्या मोठ्या क्षमतेच्या पोटॅशियम-मार्गिका नेमक्या बंद करते. रक्तवाहिन्यांच्या स्नायूंचा ताण या मार्गिकांवर अवलंबून असल्याने त्यांच्या अभ्यासात व नव्या औषधांच्या शोधात ते जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जाते.

बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला. विंचू मंत्राने उतरवण्यात वेळ दवडल्यास फुप्फुसांत पाणी साचण्यापूर्वीचे मोलाचे तास हातचे जातात. म्हणून ओकारी व घाम सुरू होताच रुग्णाला आरोग्य केंद्रात नेणे हा उपचाराचा पहिला टप्पा मानला जातो.