हलत्या बोटीतून मोजलेली खोली

समुद्राची खोली म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागापासून तळापर्यंतचे अंतर, असे आपण मुलांना सांगतो. पण मोजणारा बसतो बोटीत, आणि बोट लाटेबरोबर वरखाली होत असते. हा दोष जुनाच. जाचू लागला तो मात्र फार उशिरा.

१८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ हे ब्रिटिश जहाज महासागरांत फिरले. त्यावरून लोखंडी वजन बांधलेला दोर सोडत. दर शंभर वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) दोर सुटायला लागलेला वेळ टिपत, आणि तो एकाएकी वाढला की वजन तळाला टेकले असे समजत. हेलकाव्याच्या हिसक्याने दोर तुटू नये म्हणून कप्पी रबरी पट्ट्यांना टांगलेली असे. २३ मार्च १८७५ रोजी पश्चिम पॅसिफिकमध्ये ४४७५ वाव, म्हणजे सुमारे ८१८० मीटर खोली मिळाली. दोरावरच्या खुणाच २५-२५ वावांवर! तिथे दोन मीटरच्या लाटेची पर्वा कोण करणार?

पुढे दोराची जागा प्रतिध्वनीने घेतली. ध्वनी पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. जाऊन येण्याच्या वेळेच्या निम्म्याला या वेगाने गुणले की खोली मिळते. ‘मेटिऑर’ या जर्मन जहाजाने १९२५ ते १९२७ मध्ये दक्षिण अटलांटिकात अशी ६७,००० हून अधिक मापे घेतली. नंतर यंत्रे कागदावर तळाची सलग रेघ काढू लागली, आणि उथळ पाण्यातला सपाट तळही करवतीच्या दात्यांसारखा दिसू लागला. सर्वेक्षक नजरेच्या अंदाजाने मधून सरळ रेघ ओढत. मेख इथेच होती. त्यांतला एखादा दाता खरोखरीचा खडक असला तर? तो पुसला गेला, तर नकाशावर विसंबलेले जहाज त्यावर आपटायचे.

म्हणून बोटीचे वरखाली होणेच मोजायला हवे. त्वरणमापकाच्या नोंदींचे दोनदा संकलन केले की बोट किती हलली ते कळते. पण हे दिसते तितके सोपे नाही. उपकरणात ०.००१ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढीच कायमची चूक आहे असे धरू. अंतर म्हणजे त्वरण गुणिले काळाचा वर्ग, त्याचे निम्मे. एका मिनिटात चूक १.८ मीटर! (वर्गात हे गणित जरूर करून घ्यावे.) त्यामुळे सावकाश होणारे बदल गाळून टाकतात, काही सेकंदांचे हेलकावे तेवढे ठेवतात. भरती-ओहोटी या गाळणीत निसटते. तिचा हिशेब किनाऱ्यावरच्या पाणीपातळीच्या नोंदींवरून वेगळा करावा लागतो. बोट वळतानाचे मंद त्वरणही गाळणीला फसवते, म्हणून वळणानंतर थोडे अंतर सरळ गेल्यावरच मापे घेतात.